माशाचं तोंड कुणाकडे

आठवडाभर रात्री, भांडी आवरल्यावर,
दोन पेन्सिलींनी शेंगदाणे उचलत होते मी.
मुलगा म्हणाला, आई, काटा मागितला तर कुणी हाकलत नाही.
हाकलत नाहीत, माहीत आहे मला.
पण नेणसीशेठ म्हणाले होते, वैजयंतीबाई, तुम्ही पाहिजेच,
आकडे तुम्हाला तोंडपाठ.

कुलाब्याच्या मागच्या गल्लीत काळा लाकडी दरवाजा,
पाटीवर नाव इतकं बारीक
की ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसावं.
आत गारवा, मोगऱ्याच्या चहाचा वास,
आणि शांतता अशी
की माझ्या चपलेचा अंगठा सुटत आलाय हे मला ऐकू आलं.

टेबल गोल. मधे काचेची फिरती चकती.
चेन्नईचे तिघं, आम्ही दोघं.
दाराकडे तोंड करून तिरुमलाई,
दाराकडे पाठ करून मी.

आधी आले शेंगदाणेच. उकडलेले, चक्रीफुलाच्या पाण्यातले.
मी एक उचलला. निसटला नाही.
कुणी पाहिलं नाही.

मग वेताच्या टोपल्यांत वाफाळते मोदक,
कळ्या थेट माझ्या आईच्या तोडीच्या, आत कोळंबी.
शेठ जैन, त्यांच्यापुढे कांदा-लसणीविना वेगळी ब्रोकोली.
आणि बोलण्यातून एकेक शब्द येत गेला :
सिनर्जी. ट्रान्झिशन. लीन.
चकती फिरायची, शब्द फिरायचे,
माझ्यासमोर येईतो बशीत नुसती पात उरलेली.

अख्खा मासा मात्र बाई स्वतः घेऊन आल्या.
राखाडी रेशमी सदरा, चष्म्याला साखळी, सत्तरीच्या असाव्यात.
इंग्रजीत म्हणाल्या, तोंड मुख्य पाहुण्याकडे करतात, तो मान.
सगळे हसले.
तिरुमलाईंनी विनयानं चकती ढकलली शेठकडे,
शेठनी घाईघाईनं पुढे,
आणि पांढऱ्या डोळ्याचा तो मासा
माझ्यापुढे येऊन थांबला.

बाई मागून वाकल्या. कानाशी, चक्क मराठीत :
"घ्या. गार झाला की मजा नाही."
मी दचकले.
"माझगावात जन्मले. चौथीपर्यंत म्युनिसिपल शाळा."
आणि वाढता वाढता, हात न थांबवता,
"या टेबलावर ही तिसरी कंपनी.
मागल्या खेपेला रंगाचा कारखाना होता."

मी काही बोलले नाही.
घास जिभेवर विरघळला. काटा लागला नाही.

तिरुमलाईंनी चॉपस्टिकच्या कागदी म्यानावर
एक आकडा लिहिला, चकतीवर ठेवला
आणि बोटानं हलकेच फिरवला.
किटलीला वळसा घालून तो शेठपर्यंत गेला.
शेठनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला,
माझ्याकडे सरकवला.
अडतीस.
ती किंमत नव्हती. किंमत सूप यायच्या आधीच ठरली होती.
एकशे बारांतून ठेवायची माणसं.

"यादी वैजयंतीबेन करशे," शेठ म्हणाले,
आणि ब्रोकोलीचा एक तुरा
कितीतरी वेळ चावत राहिले.

निघताना बाईंनी हातात डबा दिला.
"डोकं कुणी खाल्लंच नाही.
गालाचं मांस सगळ्यात चांगलं. तुम्ही खा, मांजराला नका देऊ."

फ्रीवे त्या दिवशी नेमका मोकळा.
डबा मांडीवर ऊन ऊन.
मोल्डिंगचा इस्माईल. स्टोअरचे गावंडकाका, त्यांना चौदा महिने उरलेत.
पॅकिंगमधल्या त्या पाचजणी, एकमेकींचा डबा खाणाऱ्या,
त्या पाच धरायच्या
की एक?
टॅक्सीवाला म्हणाला, बाई, काहीतरी झकास आणलंय तुम्ही.
हो म्हटलं.
म्यान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.
पर्समधे पेन्सिल चाचपली, दोन निघाल्या.
एकीलाच मागे रबर होतं.