उलटं घड्याळ

रात्रपाळीत टीव्हीचा आवाज बंदच असतो,
चार नंबरच्या बाईचा आत्ता कुठे डोळा लागलाय.
पडद्यावर आइला मुस्तोनेन. हेलसिंकी. संसद.
छातीवर तेच घड्याळ, उलटं टाचलेलं:
समोरच्याला चुकीचं,
आणि आपण मान खाली घातली की बरोबर.

बोलायला तिला दोन मिनिटं दिलीत.
दोन मिनिटं केवढी असतात
ते तिला विचारा.
जानेवारीत, औलूच्या रस्त्यावर,
गाडीच्या मागच्या सीटवर जन्मलेलं पोर
रडेचना, तेव्हा तिने मोजली होती ती,
पाठ चोळत, याच घड्याळावर.
उणे एकतीस. काचेला आतून बर्फ.
आमचा प्रसूतिकक्ष बंद होऊन
तीनच आठवडे झाले होते.

मंत्री कागद चाळतोय.
ती त्याच्या हाताकडे बघतेय, मला माहितीय का:
शीर चांगली आहे, पहिल्या टोचण्यात सापडेल.

ती निवडून गेली तेव्हा मी अभिनंदनही केलं नाही.
एक माणूस कमी, तिच्या रात्री माझ्या गळ्यात.
राग अजून पुरता गेलेला नाही.

मग तिचे ओठ मिटले.
मला वाटलं, संपलं. पण ती खाली बसेना.
मान खाली, नजर घड्याळावर.
आवाज बंद असलेल्या टीव्हीत
कुणी गप्प झालंय हे कळायला वेळ लागतो.
आधी मंत्र्याचा हात थांबला,
मग मागच्या बाकावरचा एकजण
खोकला दाबताना दिसला.

माझाही श्वास अडकला होता,
ते पोर आता सहा वर्षांचं आहे, हे माहीत असून.

चार नंबरची घंटा वाजली.