फुटामागं एक सूत

शनिवारी मल्हार फुटबॉलला गेला की
मी बाह्या सरसावते.
दोरी ओढून दिवा लावायचा,
आणि त्या दोरीचा गोंडा सगळ्यात आधी पुसायचा,
कारण त्याला रोज सगळ्यांचे हात लागतात
आणि लक्ष कुणाचंच नसतं.

मग नळ. इथे दोन असतात:
एकातून पोळणारं, एकातून हाडं गोठवणारं,
मधलं पाणी ज्याचं त्यानं ओंजळीत करून घ्यायचं.
स्विंडनचं पाणी जड. नळाच्या बुडाशी क्षार चढतो
चुन्याच्या डबीच्या काठासारखा.
शेजारची मॉरीन म्हणाली, रात्री व्हिनेगरची चिंधी बांध.
बांधते, ठेचकाळलेल्या अंगठ्याला बांधतात तशी.
सकाळी सोडली की खपली निघते.

टबाच्या कडेला सिलिकॉनवर काळे ठिपके.
जुना टूथब्रश, ब्लीच, खिडकी उघडी, श्वास रोखलेला.
पुढच्या शनिवारी ते त्याच जागी हजर,
जणू मस्टरवर सही करायची राहिली होती.
जाळीत केसांचा गुंता. लांब ते माझे.
त्यातले पांढरे मी मोजत नाही.

एप्रिलमध्ये अण्णा आले होते.
इचलकरंजीत चाळीस वर्षं गवंडीकाम.
पहिल्या दिवशी अंघोळीला गेले
आणि अर्ध्या तासानं बाहेर आले, कोरडेच.
"मोरी कुठाय गं?"
टबात उभं राहायचं, अण्णा.
"आनि भाईर सांडलं तर? पानी जातंय कुठं?"
कुठंच नाही. पुसायचं.

तिसऱ्या दिवशी बागेतली बादली वर गेली,
स्वयंपाकघरातलं एक पातेलं गेलं.
अण्णा बेसिनखाली उकिडवे बसून मनसोक्त नहाले
आणि खाली छतातून
माझ्या आमटीत थेंब.

मी बोलले. जास्तच बोलले.
एजंट, डिपॉझिट, छताचा डाग, सगळं एका दमात
त्यांच्या ओल्या डोक्यावर.
ते काही म्हणाले नाहीत.
मल्हारच्या खोलीतून एक गोटी घेऊन आले,
दारापाशी लायनोवर ठेवली, बोट काढलं.
गोटी जराशी थबकली. मग निघाली
सावकाश, कमोडला वळसा घालून,
मागच्या कोपऱ्यात
टक्.

"फुटामागं एक सूत उतार पायजे," अण्णा म्हणाले,
"हितं अर्ध्या सुताचाच हाय. पर हाय.
बांधणाऱ्यानं उतार काढला,
आनि भोक पाडायचं इसारला."

छतावर डाग अजून आहे, बशीएवढा.
एजंटनं दोन फोटो काढून नेले.
रविवारी फोनवर अण्णा आधी तेच विचारतात:
"पाडलं का भोक?"

दर शनिवारी घासते म्हणते खरी,
पण कमोडमागे हात घालायला सप्टेंबर उजाडला.
बोटांना लागली ती, कसल्याशा करड्या लोकरीत गुरफटलेली.
धुतली. पांढरी, पोटात निळी पात.
दारापाशी ठेवून सोडली.
वाट विसरली नव्हती.

तेव्हापासून फडकं तिथूनच सुरू करते,
त्या कोपऱ्यातून, गुडघ्यांवर, मागे मागे सरकत
दाराकडे. कोबा घोटताना अण्णा सरकायचे तसं,
आपलंच पाऊल आपल्या कामावर उमटू नये म्हणून.
शाळेतून आले की मी उंबऱ्याबाहेर ताटकळायची
आणि ते वर न बघता म्हणायचे, "वाळू दे गं."

आता दारात बसलेय. गुडघे लाल.
आत सगळं ओलं, लखलखीत, बिनपावलांचं.
पंखा घरघरतोय.

खाली दार आपटतं. बूट न काढता
तीन-तीन पायऱ्या गाळत चिखल वर येतो:
"आई, सरक ना, जोरात लागलीये!"