प्रतिज्ञापत्र

लघुवाद कोर्टाबाहेरच्या फुटपाथवर
एकतीस वर्षं टाइप केली
परक्यांची आयुष्यं, पानामागे सहा रुपये.

आज स्वतःसाठी कागद चढवला.
बोटं सवयीनं धावली:
मी, खाली सही करणार
इंदुमती तोरस्कर, वय सदुसष्ट,
राहणार काळाचौकी,
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की

इथंच अडलं.
जन्मतारीख एक जून,
ती तर गुरुजींनी ठोकून दिलेली
शाळेत नाव घालताना.
पहिल्याच ओळीत खोटी साक्ष?

आई एवढंच सांगायची,
तू झालीस तेव्हा नळाला
पाणी आलं होतं
आणि भरायला कुणी नव्हतं.

कागद ओढून काढला.
कोरा घातला, समास न सोडता.
नळाला पाणी आलं होतं.
ळ जरा वर उडतो या मशीनवर.
उडू दे.