क्रियापद

मे महिना, शहादा, चव्वेचाळीस अंश.
कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही बावीस प्राध्यापक
आणि कूलर एकच, तोही विभागप्रमुखांकडे तोंड करून.

समोर रेहाना पिंजारी.
माझ्याच वर्गातली, दोन हजार नऊची बॅच,
तिसऱ्या बाकावर, खिडकीशी.
फळ्याकडे कमी, बाहेरच जास्त बघायची, असं मला आठवतं.
तिला काय आठवतं, ते मी विचारलं नाही.

"कोर्स शेवटाकडून बांधायचा, सर," ती म्हणाली,
"सगळं संपल्यावर
विद्यार्थी काय करू शकेल, ते आधी लिहा."
मी लिहिलं : तापी पश्चिमेला का वाहते, हे त्याला समजेल.
तिनं 'समजेल'वर रेघ मारली,
हळूच, सरांच्या वहीत मारावी तशी.
"समजणं दिसत नाही, सर.
दिसेल असं क्रियापद द्या."

सव्वीस वर्षं त्या एका क्रियापदावर पगार घेतला मी.

जेवणात शेवभाजी, कळण्याची भाकरी.
बोंडे सर म्हणाले, आता पोरीबाळी आपल्याला व्याकरण शिकवणार.
मी हसलो,
आणि उगाच दोन ग्लास पाणी प्यालो.

दुपारी ज्याचं त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं, कानांना हेडफोन.
अठ्ठेचाळीस मिनिटं. घंटेपासून घंटेपर्यंत.
खचदरी, बेसाल्ट, वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग,
सगळं जागच्या जागी.
आणि मधूनमधून माझा आवाज : समजलं का?
मी वहीत काड्या ओढत गेलो, पाचापाचांचे गठ्ठे.
एकतीस.
एकदाही थांबलो नव्हतो.
'का'चा काना पुरा होण्याआधीच
पुढचं वाक्य.

"लाईट गयी," दारातून शिपाई.
पंखे हळूहळू विझले.
तेवढ्यात रेहानानं विचारलं,
"तुमची विद्यार्थिनी आत्ता कुठे असेल?"
आणि ती गप्प उभी राहिली.
कुणी रुमालानं मान पुसली, कुणी खुर्ची सरकवली.
तरी ती गप्पच.
एवढा वेळ वर्गात कुणी गप्प राहिलेलं
मी पाहिलं नव्हतं.
शेवटी वनस्पतिशास्त्राच्या वळवी मॅडम म्हणाल्या,
"मोबाईल भावाकडे असेल.
तो शेतातून आला, जेवला, की मग हिला मिळेल."
रेहानानं तेच फळ्यावर लिहिलं,
दुसरं काही नाही.

त्या रात्री मी अठ्ठेचाळीस मिनिटं फोडली.
सात मिनिटांचा एक तुकडा, असे पाच.
नदी सासरी निघाल्याचा माझा विनोद कापला
(नव्याण्णव सालीही त्याला कुणी हसलं नव्हतं)
आणि शेवटात लिहिलं :
बाटलीत नदी भरेल. रात्रभर गाळ बसू देईल.
पट्टीनं मोजेल.
किती साधी क्रियापदं. घरकामाची वाटावीत अशी.

श्रावणात फोटो यायला लागले.
सारंगखेड्याहून, प्रकाशाहून, थेट मुक्ताईनगरहून.
थंड पेयाची बाटली, खोकल्याच्या औषधाची,
एक तर गुलाबपाण्याची, लेबलसकट.
तळाशी तीच तापी,
कुठे बोटभर, कुठे नखभर.

मग धडगावहून सेवंती पाडवी.
बाटलीला पट्टी दोऱ्यानं बांधलेली, गाळ सव्वातीन सेंटिमीटर.
खाली लिहिलेलं :
"आमच्याकडे तापी नाही. उदईचं पाणी भरलं.
आमची नदी तर तिकडे नर्मदेत जाते.
चालेल का, सर?"

माझ्या गुणांच्या तक्त्यात याला रकाना नव्हता.
उदईचं नाव पाचही तुकड्यांत नव्हतं.
सांगायला सुरुवात केली :
पाणलोट, उतार, सातपुड्याची पाठ,
चार ओळी झाल्या, पाचवीवर हात थांबला.
सगळं पुसलं.

लिहिलं : चालेल.
आणि खाली : तिकडे का जात असेल?

आज तिसरा दिवस.
मी पुढचं वाक्य लिहिलेलं नाही.
भावाचा मोबाईल
रात्री मोकळा होतो.