रात्रीचा नाष्टा

अनगोळच्या आमच्या घरात वर्षातून एकदा
दिवेलागणीनंतर सकाळ होते.
तारीख ठरलेली नाही. दिवस सगळ्यात आखूड असतो
त्या आठवड्यात, आईच्या मनाला येईल तेव्हा.
भाकरीचा तवा भिंतीला टेकलेला,
कढईत रवा, आणि त्याचा खरपूस वास
शेजारच्या सांबाराला आडवा जातो.

सुरुवात कुणी केली यावर एकमत नाही.
एवढं खरं की बाबा तेव्हा उद्यमबागेत,
फाउंड्रीच्या भट्टीवर, कायम रात्रपाळी.
संध्याकाळी सहाला उठायचे.
लोक घरी परतत असताना
हे दारात उभं राहून दात घासायचे.
कानामागे काळी वाळू,
कितीही धुतली तरी उरायचीच.
आम्ही पिठल्यात भाकरी कुस्करायचो,
त्यांच्यापुढे उप्पीट, चहा.
एका चटईवर दोन वेळा बसलेल्या असायच्या.

मोनेश म्हणतो, त्यानंच हट्ट धरला,
मलाबी बाबांचंच पाहिजे.
आई म्हणते, छे, रॉकेल संपत आलं होतं,
दोन-दोन पातेली कोण चढवतंय,
"हाटेल वाटलं काय तुम्हाला हे?"
बाबा म्हणतात, त्या दिवशी पोहे जास्त भिजले होते.
मला आठवतं ते इतकंच:
आईनं आमची तोंडं गार पाण्यानं धुतली,
माझ्या वेण्या सोडून परत घातल्या, लाल रिबिनी,
आणि रात्री आठ वाजता
बाबांनी आम्हाला पेपर वाचून दाखवला,
सकाळचा, दुमडून ठेवलेला,
जणू सगळं आत्ताच घडलंय.

भट्टी बंद पडली, त्याला आता सतरा वर्षं.
नाष्टा चालूच.
दानेश्वरी बैलहोंगलहून लग्न होऊन आली,
पहिल्या वर्षी हळूच विचारलं,
"आज काय उपास हाय काय?"
कुणी धड सांगितलं नाही.
दुसऱ्या वर्षी तिनं न विचारता सुसला केला,
चुरमुरे भिजवून, पिळून, वर पुठाण्याची पूड,
आणि तिखट असं की मोनेशला उचकी लागली.
आता सुसल्यावाचून आमची सकाळ होत नाही.
पलीकडची शिवलीलाक्का गच्चीवरून विचारते,
"ऊटा आतेनरी?"
आई खालून, अगदी गंभीर,
"इल्लरी, नाष्टा आत."
आक्का हसते. दर वर्षी तेवढंच हसते.

यंदा
चहा संपल्यावर बाबांनी मफलर गुंडाळला.
डबा नाही, सायकल नाही,
नुसत्या चपला अडकवून कोपऱ्यापर्यंत गेले,
जिथं पाळीची माणसं जमायची.
आता तिथं रिचार्जचं दुकान, शटर ओढलेलं.
थोडा वेळ उभे राहिले. कुत्र्याशी काहीतरी बोलले.
परत येऊन म्हणाले, "आज पाळी नाही म्हणे."
"मग झोपा," आई म्हणाली.
ते झोपले नाहीत.
बाराला, दोनला, पुढच्या खोलीत
खुर्ची कुरकुरत होती.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी.
सात वाजून गेले तरी बाहेर अंधुक,
नळाचं पाणी बोटं कापतंय,
सगळे ओट्याभोवती उभे
आणि सकाळी काय खायचं
हे कुणालाच सुचेना.
बाबांनी मफलरमधून तोंड बाहेर काढलं.
"भात टाक की," म्हणाले.