दोन इंच फोम

डॅशबोर्डवर चार बटणं आहेत, दाबली तर दबत नाहीत.
काळी, गुळगुळीत, वर कसलंही चित्र नाही.
शोरूमचा मुलगा म्हणाला, टॉप मॉडेलला तिथे काहीतरी असतं.
म्हणजे कंपनीने नुसतं दिलं नाही असं नाही,
काय दिलं नाही त्याच्या जागाही
आठवणीने दाखवून ठेवल्या.

मी पाणीखात्यातली. मीटर नसलेल्या नळांची यादी
सव्वीस वर्षं सांभाळली.
मला ह्यात नवीन काही वाटलं नाही.

अडचण दुसरीच होती. सीट वर होत नाही.
माझी उंची चार फूट दहा.
स्टेअरिंगच्या वरून मला हायवे अर्धाच दिसायचा:
ट्रकांचे वरचे निम्मे, फ्लायओव्हरचे कठडे,
आणि आभाळ, लागेल त्यापेक्षा जास्त.
पहिले दोन आठवडे उशी घेऊन चालवली.
ऑफिसच्या दारात ती रोज माझ्या आधी उतरायची.

शेवटी कुर्ला, सीएसटी रोड.
मुस्तकीमभाईंचं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन,
फुटपाथवर पाय वर करून पडलेली कुणाचीतरी मागची सीट,
आणि दोरीला तोरणासारखी स्टेअरिंगची कव्हरं.
त्यांनी सगळं दाखवलं.
लाकडासारखं प्लास्टिक, चामड्यासारखं रेक्झिन,
पायापाशी लागणारे निळे दिवे.
"ताई, आत बसल्यावर कुणी म्हणणारच नाही बेसिक आहे."
म्हटलं, म्हणू देत.
मला दोन इंच फोम हवाय, बुडाखाली.

हसले. मग मला सीटवर बसवून
स्वतः बॉनेटपुढे जाऊन उभे राहिले
आणि काचेतून माझ्या डोळ्यांची रेषा बघितली,
पासपोर्टचा फोटोवाला बघतो तशी, एक डोळा मिटून.
"अडीच," म्हणाले. "अर्धा महिनाभरात बसेल."

तेव्हा मी पिशवीतून रेक्झिन काढलं.
तपकिरी, कडेला चिरा, आमच्या सोफा-कम-बेडचं.
कन्नमवार नगरच्या खोलीत
दादाचं लग्न झालं त्या रात्री तो माझा झाला,
म्हणजे साडेदहानंतर.
सकाळी सहाला पुन्हा सोफा.
त्यावर वहिनीच्या भिशीतल्या बायका बसत,
विम्याचा एजंट बसे, भाचे उड्या मारत.
एकदा बघायला आलेल्यांसमोर मीही बसले होते
पाठ ताठ करून.
पाय जमिनीला टेकत नव्हते.
ते त्यांनी बरोब्बर पाहिलं.

"हे उन्हात तडकेल, ताई."
तडकू दे. दारांना आतून लावा,
जिथे कोपर टेकतं तेवढ्याच जागी.
मुस्तकीमभाईंनी फुंकर मारून धूळ उडवली,
एका उसवलेल्या टोकावर अंगठा फिरवला.
"ही शिवण हातची आहे."
माझीच.
"मग ती वर येईल अशी घेतो,"
एवढंच बोलले, आणि कात्री शोधायला लागले.

गाडी आता सोसायटीत पाण्याच्या टाकीशेजारी उभी असते.
भांडी झाली की मी खाली जाते.
दार ओढून घेते. छताचा दिवा लावते.
खणात चष्मा, लवंगांची डबी, एक वही,
सगळं काल ठेवलं होतं तसंच,
कुणी सरकवलेलं नाही.

झेंडे वॉचमन काचेवर टकटक करतो.
"निघालात का मॅडम? गेट उघडू?"
मी हँडल फिरवते, साडेचार फेऱ्या, काच खाली.
"नाही. बसलेय."
तो मागच्या सीटवर कोण आहे ते बघतो,
मग मोबाइलवर वेळ बघतो,
मग "बरं" म्हणून खुर्चीकडे जातो.

काच वर, पुन्हा साडेचार.
फोम अजून बसलेला नाही.
कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडचा रस्ता पूर्ण दिसतो,
सिग्नलपर्यंत, खड्ड्यांसकट.
कोपर दारावर. बोटं ब्रेकपर्यंत पोचतात,
टाच तेवढी अजून अधांतरी.