मुका जॅक

वडगावच्या घरात आमचे चार माग होते.
गुपित सांगायचं झालं की आम्ही ते चालू करायचो.
त्या खडखडाटाच्या आडोशाला
आई बाबांना उसनवारीचे आकडे सांगायची.
शेवंताला दिवस गेले, तेही मला कळलं
तिसऱ्या मागापाशी, कांडी बदलताना,
नुसत्या ओठांनी.
मागवाल्याला ओठ वाचता येतात.
कान तर तिशीतच अर्धे जातात.

भिंतींना कान असतात म्हणे.
आमच्या भिंतींना असले तर तेही बहिरेच झाले असणार.

मग माग गेले, किलोच्या भावानं.
एक धोटा तेवढा ठेवला, खुंटीवर.
आणि घरात इतकी शांतता आली
की शेजारच्या बसव्वाच्या कुकरची शिट्टी
आमच्या ताटात पडायची.

तिसऱ्या मागाच्या जागी वैजूचं टेबल आलं.
कंपनी बंगळूरची, काम वडगावात.
एका मंगळवारी माईक बंद करायचा राहिला
आणि स्वयंपाकघरातनं शेवंता मला जे बोलली
ते एकतीस माणसांनी ऐकलं.
कुणी हसलं नाही म्हणे.
एक बाई नुसती म्हणाली, प्लीज म्यूट.
हसले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासनं घर खुणांवर चाललं.
चहा पाहिजे तर अंगठा, मीठ कमी तर भुवई.
रात्री शेवंता त्या लॅपटॉपवर
इरकलीचा तुकडा झाकायची,
दही लावल्यासारखा.
वैजू म्हणाली, बाबा, बंद केलं की बंद असतं,
हा बघा दिवा गेला.
म्हटलं, पण दिवा कुणाचा? त्याचाच नव्हे?

खासबागेत इरण्णाकडं गेलो.
त्यानं भिंग लावून दाखवली,
कॅमेऱ्याशेजारी दोन भोकं, सुईच्या टोकाएवढी.
पट्टी लावून डोळा झाकतो, म्हणाला,
कान झाकत नाही. हा पट्टीतनं पण ऐकतो.
मग डब्यातनं एक मेलेला इअरफोन काढला,
पिनेला लागून वायर कचकन कापली
आणि ते बोटाच्या पेराएवढं टोक हातात दिलं.
हे घालून ठेवा, साकु.
त्याला वाटतंय बाहेरचा माईक लागलाय.
घरचं ऐकायचं सोडून
तुटक्या वायरीला कान लावून बसतंय.
पक्कं? मी विचारलं.
पक्कं कुठलं हो. आतनं कुणी सांगितलं तर
परत घरचा कान लावंल.
पक्कं पाहिजे तर उघडून तोडायला लागतंय.
पैसे घेतले नाहीत.
कशाला पाहिजे, तेही विचारलं नाही.

वाटेत मनात आलं,
ऐकून तरी काय कळणार होतं त्याला?
वैजू आमच्याकडच्या सगळ्या पोरींसारखी
'मी येतो, मी करतो' म्हणते;
बोललेलं टाइप करणाऱ्या यंत्रानं
एकदा तिला मुलगाच करून टाकलं.
निम्मं मराठी, निम्मं कन्नड,
शिव्या तेवढ्या दोन्हीकडच्या.
पण न कळणाऱ्यानं ऐकलं
तरी ते ऐकणंच झालं की.
पाटीवर कुठली अक्षरं, यावरनं इथं दगड पडलेत.
कुजबुजायचं कुठल्या भाषेत
एवढं तरी ज्याच्या त्याच्या घरात राहू दे.

रात्री टोक घातलं. टक् झालं.
शेवंता उंबऱ्यातच उभी.
लागलं? भुवईनं विचारलं.
मी मान हलवली. बोल आता, म्हटलं.
ती बोलली नाही.
टेबलापाशी आली, जिथं तिसरा माग होता,
धोट्यावरची धूळ पदरानं पुसली
आणि नुसते ओठ हलवले.

मी वाचलं. अजून येतंय.
काय ते इथं लिहीत नाही.

वैजूनं विचारलं, काय म्हणाली आई?
म्हटलं,
माग चालू झाले की सांगतो.